तारखेचा डोसा

प्रिय दादा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा फोन होता, आणि फोनवरही "बरं हाय, ठेव" यापलीकडे तुम्ही कधी गेला नाहीत. पण काल नगरला जे पाहिलं ते आईला सांगितलं, तर ती म्हणाली, काहीतरीच! आता खरंखोटं विचारायचं तर तुम्हालाच ना?

तुमची मुलगी, वारस म्हणून तुमच्या जागी माझं नाव लागलं आणि काल बांधाच्या अपिलाची तारीख होती. समोर तात्या. तुमचे सख्खे धाकटे भाऊ, पण मला कळायला लागल्यापासून आपल्या दारात त्यांचं पाऊल नाही. उसाच्या दोन सऱ्यांपुरती ती जमीन! तिच्यापायी तुम्ही राहुरीच्या बाजारात त्यांना पाहून रस्ता बदलायचात. तुमच्या दहाव्यालाही तात्या लांब बाभळीखाली उभे राहिले आणि न बोलता निघून गेले. ते मनात सलत होतं. काही झालं तरी जिंकायचंच, असं ठरवून मी गेले होते.

पुढची तारीख पडली. एसटीला अवकाश होता म्हणून कोर्टाजवळच्या त्या डोशाच्या हॉटेलात शिरले. केवढीशी जागा हो ती! तव्यावर पाणी शिंपडलं की चर्र होतंय, आणि माणसं खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभी. वेटरने माझा चेहरा न्याहाळला, म्हणाला, राहुरीवाल्यांची मुलगी ना? आणि थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी नेऊन तुमच्या खुर्चीत बसवलं. समोर तात्या!

घरी तर तुम्ही सांगायचात, नुसता चहा पिऊन आलो. चहा काय, दादा?

उठावं म्हटलं, तोवर दोन मसाला डोसे आले. तात्यांनी माझ्याकडे न बघता आपल्या डोशाची कुरकुरीत कड मोडून माझ्या प्लेटमध्ये ठेवली. मग स्वतःची प्लेट जरा पुढे सरकवून थांबले. मला काही उमगेना. शेवटी वेटरच हळूच म्हणाला, की तुमचे वडील बटाट्याची भाजी काढून यांना द्यायचे, आणि यांना दात नाहीत म्हणून कड तिकडे जायची. दर तारखेला. एक शब्द न बोलता.

मी थक्क होऊन बघत राहिले. गावात एकमेकांच्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाहीत, आणि इथे एकमेकांच्या ताटातलं खात होतात! बटाट्याने तुमचं पोट फुगतं, हे आईला आणि मलाच माहीत असं मला वाटायचं. तात्यांना तर ते आमच्याही आधीपासून माहीत.

मी भाजी काढून त्यांना वाढली. तेव्हा कुठे ते जेवायला लागले.

हात धुताना मी विचारलंच, मग भांडण का मिटवलं नाही? तात्या रुमालाला हात पुसत राहिले.

"वकील म्हनला हुता, तडजोड करा. तुझा बाप न्हाई म्हनला. मीबी न्हाई म्हनलो. केस मिटून तारखाच संपल्या तर दोघांनी बसायचं कुठं, पोरी?"

दादा, खुळेच हो तुम्ही दोघं! एकाने तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमच्यावर रागवावं म्हणते, पण राग येत नाही. एवढी माया असू शकते आणि ती इतकी वर्षं अशी लपवून ठेवता येते, याचंच नवल वाटत राहतं.

म्हणून आज शब्द देते. तात्या म्हणतील तिथे बांध घालू. आई कुरकुरेल, तिला मी समजावीन. केस मागे घेऊ, पण कोपऱ्यातलं ते टेबल सोडणार नाही. दर महिन्याला तात्यांना घेऊन नगरला जाईन. तारीख आता आम्हीच ठरवू.

आणि एक सांगू? डोशातली ती भाजी मला फार आवडते, दादा. तरी ती तात्यांनाच देईन.

तुमचीच,
मंगल