रोजच ताडकळसचा बाजार

माय, तुला लिहीन लिहीन म्हणत किती दिवस घालवले ते मी मोजलंच नाही. निकालाची नक्कल हातात पडली त्याच दिवशी बसायचं होतं. त्या दिवशी न्हाणीवरचा पत्रा उडाला, तो बसवण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वही आणायला परभणीला गेलो आणि स्टेशनच्या पुलावर उभा राहून कुठली गाडी कुठं जाते ते बघत राहिलो. संध्याकाळ झाली, वही राहिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, पायाला भिंगरी ती भिंगरीच. आज मात्र अण्णा जेवून बाजेवर पडलेत, भर दुपार आहे, आणि मी ओसरीत खांबाला टेकून बसलोय. आधी मोठी गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर मी मधेच कुठंतरी वळायचो. आपण केस जिंकलो. वावर परत अण्णांच्या नावावर आलं, आणि अण्णा माझ्यापाशीच राहणार.

तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून मागून सांगतो. तू गेल्यावर मी नववीतच शाळा सोडली. सोयाबीन काढायला पंजाबातून हार्वेस्टर येतात, थोडा मोठा झाल्यावर त्यातल्या एकाच्या मागं लागून गेलो. मशीन चालवायला शिकलो. माय, ती दुनिया तुला दाखवायला पाहिजे होती. गहू आधी खालच्या मुलखात पिकतो, मग वरवर पिकत जातो, आणि मशीन त्याच्या मागं मागं निघते. पिकाच्या मागं चालत माणूस हिमालयाच्या पायथ्याला पोचतो. तिथं एका गावात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात तो आपल्या बैलाच्या खुराएवढा, आणि ती म्हातारी म्हणते अजून घे. असो. सांगायचं हे की मी वर्षातून दोनदा घरी यायचो, आणि इकडं अण्णांचं डोकं हळूहळू रिकामं होत होतं. आधी किल्ली विसरायचे, मग चपला, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश. गावोगावचे आठवडी बाजार करणं बंद झालं. वेसणी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, बैलांच्या साजाचं सगळं दुकान पोत्यात बांधून माळ्यावर गेलं. त्यांना जेवू घालायचं काम काकावर आलं. अण्णांचा धाकटा भाऊ, तुझा लाडका दीर. हे खरं आहे, ते मी लपवत नाही. दोन वर्षं त्याच्याच घरचं ताट आलं.

मग मी मध्य प्रदेशात गव्हावर असताना एक दिवस फोटो आला. माझ्या वर्गातला एक जण आता गावात ऑनलाइन सातबारे काढून देतो, त्यानं पाठवलेला. खाली एवढंच लिहिलेलं, ‘तुझ्या बापाच्या नावाला कंस पडलाय.’ सातबाऱ्यावरून माणसाचा हक्क गेला की त्याच्या नावाला कंस घालतात. अण्णांचं नाव कंसात, आणि खाली काकाचं नाव मोकळं. पेडगावच्या रस्त्याचं आपलं वावर काकानं बक्षीसपत्र करून स्वतःच्या नावावर घेतलं होतं. अण्णांना मोटरसायकलवर मधे बसवून रजिस्ट्रीत नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला. बँकेचं पासबुकही त्याच्याच कपाटात. मी मशीन चालू ठेवूनच खाली उतरलो. मशीनचा मालक सरदारजी मागून ओरडत होता, मी रस्त्याला लागलो.

काकाच्या ओट्यावर जे भांडण झालं ते अर्ध्या गावानं ऐकलं.

“तू कोण इचारणारा?” काका म्हणाला. “बाप जिता हाय का मेला, ते तरी फोनवर इचारलं का कधी? धोतर मी बदललंय ह्याचं.”

“बदललं ना? मग त्याची मजुरी अख्खं वावर लावली का?”

“मजुरी न्हाई. त्यानं खुशीनं दिलंय. शहाणा माणूस हाय, त्यालाच इचार की.”

अण्णा आमच्या मधे बसून शेंगा फोडत होते. ते म्हणाले, “भांडू नका रे. गिऱ्हाईक जाईल.”

मग कोर्ट. आमच्या वकिलांनी सांगितलं, दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, सही-अंगठ्याचा अर्थ कळण्याइतकं अण्णांचं मन जागेवर नाही. दुसरी, त्यांच्या वतीनं उभं राहायला मी लायक आहे. अशा माणसाला वादमित्र म्हणतात म्हणे. मला तो शब्द लय आवडला. “पहिली जमेल, डॉक्टरचे जुने कागद आहेत,” वकील म्हणाले, आणि माझ्या फाटक्या बुटांकडं बघत पुढं म्हणाले, “दुसरी जरा अवघड आहे.” काकानं तर अर्जाच्या उत्तरात लिहूनच दिलं होतं की पुतण्या भटका आहे, आज आहे, उद्या नाही. त्या दिवसापासून मी दीड वर्ष गाव सोडलं नाही. माझं मलाच खरं वाटत नाही. अण्णांना न्हाऊ घालायचं, दाढी करायची, भाकर दुधात कुस्करायची, आणि तारीख आली की परभणी.

मॅडमनी, म्हणजे न्यायाधीशांनी, अण्णांना स्वतः विचारायचं ठरवलं तो दिवस सांगतो. मी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. परभणीच्या स्टँडवर जीपवाले ताडकळस, ताडकळस म्हणून ओरडत होते, मी तिकडं ध्यानच दिलं नाही. तिथंच माझी चूक झाली. कोर्टात अण्णांना खुर्ची दिली. मी दंड धरून बाजूला उभा.

“बाबा, आज कोणता वार आहे?”

अण्णा हसले. तोंडात दात नाहीत, तरी काय हसले. “वार कशाला इचारता बाई? ताडकळसचा बाजार हाय आज.”

काकाचा वकील ताडकन उठला. “बरोबर आहे, मॅडम! आज ताडकळसचा बाजारच आहे. नोंद व्हावी.”

“मुलं किती तुम्हाला?”

“एकच पोरगं.”

“कुठं असतो?”

“पंजाबात. मशीनवर.”

“हेही बरोबर!” वकील म्हणाला. “पोरगा बारा महिने तिकडंच असायचा, आमचं तेच म्हणणं आहे. मन गेलेला माणूस एवढं सांगेल का?” मागच्या बाकावर काकानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाय लांब केले.

माय, मला घाम फुटला. कारण मला माहीत होतं की अण्णा रोज सकाळी डोळे उघडले की हेच म्हणतात. सोमवार असो, शनिवार असो, उठून बसतात आणि म्हणतात, आवर, ताडकळसचा बाजार हाय. सहा दिवस चुकतात, एक दिवस बरोबर येतात. आणि मी येड्यानं त्यांना नेमकं त्याच दिवशी आणलं होतं. कोर्टात आपल्या पाळीशिवाय बोलायचं नसतं, हे वकिलांनी दहादा बजावलं होतं. मी बोललो.

“मॅडम, उद्या इचारा! उद्या बी ताडकळसच म्हणतेत ते. परवा बी!”

आमच्या वकिलांनी माझा सदरा मागून ओढला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं?”

“कोणी न्हाई, मॅडम.”

त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “उद्या अकराला यांना परत आणा.”

येताना जीपमधे अण्णा माझ्या खांद्यावर झोपले, आणि मी पहिल्यांदा विचार केला की ताडकळसच का? अण्णा सहा बाजार करायचे. तू चौथी शिकलेली, ते शाळेची पायरी न चढलेले, म्हणून चुलीमागच्या भिंतीवर तू कोळशानं वार आणि बाजार लिहून ठेवले होतेस. तू चुलीपुढं बसून भाकरी थापतेस, पहाटेचा धूर घरभर आहे, आणि तू हाक मारतेस, उठा, आज झरी. उठा, आज पेठ. बाकीच्या दिवशी ते एकटे जायचे. ताडकळसला मात्र तू सोबत जायचीस. तुझं माहेर तिथून जवळ, तुझी आई बाजारात भेटायला यायची. त्या दिवशी तू तोंडाला पावडर लावायचीस, आणि अण्णा घुंगरमाळा उगाच वाजवून बघायचे. एकदा मी न सांगता एसटीत जाऊन बसलो होतो, तू मला कान धरून खाली उतरवलंस तोही त्याच बाजाराचा दिवस. भर स्टँडवर म्हणालीस, “बापाचा पाय बाजारापुरता फिरतो. तुझा कशापुरता फिरतो रं?” मला अजून उत्तर आलेलं नाही. पण अण्णांचं मला कळलं. ते रोज सकाळी तुझ्यासोबत निघतात. कोर्टात मी वेड म्हणून जे सिद्ध करायला निघालो होतो, ते हे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तेच विचारलं आणि अण्णांनी तेच सांगितलं. ताडकळसचा बाजार. काकाचा वकील फायलीत काहीतरी शोधत राहिला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“बाबा, हे तुमच्यासोबत कोण आलंय?”

अण्णांनी मान वर करून मला नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. “हे व्हय? लय भला माणूस हाय, बाई. आंघोळ घालतो मला. भाकर कुस्करून देतो.” मग मॅडमकडं वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, “ह्याला बिचाऱ्याला कोणी न्हाई वाटतं.”

मागं दोघं-तिघं हसले. मीही हसलो. मग बाहेर जाऊन माठातलं पाणी प्यालो, तांब्याभर प्यालो. परत आलो तेव्हा आमचे वकील मला म्हणाले, “आता आपल्याला फार बोलायचं राहिलं नाही.”

पुढं आणखी तारखा झाल्या, डॉक्टरांची साक्ष झाली, काकाचीही झाली, पण गाडी त्या दिवशीच रुळावर आली होती. बक्षीसपत्र रद्द. अण्णांचा पालक म्हणून माझं नाव. पासबुक माझ्या हाती, आणि कोर्टाला विचारल्याशिवाय वावराला कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. पालक! शाळेत गुरुजी सारखे म्हणायचे, पालकाला घेऊन ये, आणि मी पानपट्टीवाल्याला दोन दिवसांसाठी मामा करून न्यायचो. आता त्या कागदावर मीच पालक. मी नवा सातबारा काढला, त्यावर काकाच्या नावाला कंस, आणि अण्णांचं नाव खाली परत मोकळं, धडधाकट. तो कागद लॅमिनेट केला आणि देवळीत लावला. स्टँडवरून गरम जिलबी आणली. अण्णा बोटं चाटत म्हणाले, “कोणाचं लग्न हाय?”

“लग्न न्हाई, अण्णा. आपलं वावर परत नांदायला आलंय.”

“मग ओटी भरा की,” ते म्हणाले. “अशीच आत घेता का?”

दुसऱ्या दिवशी मी खरंच त्यांना वावरात नेलं. खण, नारळ, मूठभर गहू बांधाच्या धुऱ्यावर ठेवले. अण्णांनी ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. माय, मी बर्फाचे डोंगर लांबून बघितलेत, पण एवढा उंच मी कुठंच उभा राहिलो नव्हतो.

आता राहिलेलं सांगतो. ह्याच्यामुळंच पत्र टाळत होतो. निकालानंतर मी दोनदा पिशवी भरली. सरदारजीचा फोन आला होता, हंगाम तोंडावर आहे म्हणाला. एकदा तर शेजारच्या मावशीला अण्णांपाशी बसवून फाट्यापर्यंत गेलो. एक ट्रक सोडला, दुसरा सोडला, चहा प्यालो, तिसरा सोडला, परत आलो. अण्णांना काही कळलं नाही. पण काकानं लिहून दिलेलं अर्धं खरं होतं, आणि ते खरं आहे का, असं कोर्टात कोणी मला विचारलं नाही. तुला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवीन.

थांब. दारात मोटरसायकल थांबली.

काका आहे. एकटाच. निकालापासून त्यानं ह्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. चपला काढल्यात, टोपी हातात घेतलीय. जन्मल्यापासून हा माणूस ह्या घरात न विचारता शिरत आलाय. आता पायरीच्या खाली थांबलाय, माझ्याकडं बघत नाही, आणि विचारतोय, “पोरा, भावाला जरा भेटू का?”

मला विचारतोय, माय.