आणीबाणीत कोणाला कळवायचे

कांदिवली (पूर्व),
३ फेब्रुवारी २०२५

ती. सहदेवदादास,
रुक्मिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. वाचताना तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

काल ट्रेकवाल्यांच्या ऑफिसातून श्रुतिका नावाच्या मुलीचा फोन आला. गोड आवाजात म्हणाली, काकू, तुमच्या भावांनी सांगितलं की तुम्हाला जिना चढतानाही दम लागतो आणि घरच्यांची परवानगी नाही, म्हणून तुमचं नाव काढलंय.

अरे, फॉर्मवर रकाना होता, ‘आणीबाणीत कोणाला कळवायचे’. तिथे मी तुझा नंबर लिहिला. नंबर बरोबर आहे का, एवढंच विचारायला त्यांनी फोन केला, आणि तू परवानगी देणारा होऊन बसलास! एकतीस वर्षं मी नर्स होते. दम कशाला म्हणतात हे तू मला शिकवणार? गेले चार महिने पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन आमच्या बिल्डिंगचे चौदा मजले चढते आहे. वॉचमनला वाटतं, माझं डोकं फिरलंय.

दहा ट्रेक बघून हा एक निवडला होता. चढ बेताचा, मुक्काम गावातल्या घरांत, एकट्या बाईला जमेल असा. एका फोनात तू त्याची वाट लावलीस, तीही माझी खोटी दुखणी सांगून. मला तुझा भयंकर राग आला आहे.

वनमालावहिनीला नमस्कार. तिच्यावर राग नाही, हे तिला मुद्दाम सांग.

आज लोभबिभ काही मागत नाही.
रुक्मिणी

मुलुंड (पूर्व),
९ फेब्रुवारी २०२५

गं. भा. रुक्मिणी हिस,
सहदेवचे अनेक आशीर्वाद.

मोठ्या भावाला असं लिहितात का? तुझ्या वहिनीने पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसली, त्याने माझं डोकं जास्तच फिरलं.

होय, मी सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. वय अठ्ठावन्न, बरोबर कोणी नाही, आणि बाई निघाल्या हिमालयात! डोंगरच बघायचे तर देवगडला चल, मी येतो सोबत. मूलबाळ नाही तुला. नंदकिशोरराव गेल्यापासून या चार वर्षांत तुझी काळजी कोणी केली? मग दोन शब्द बोलायचा हक्क मला नाही?

रागाने जेवण सोडू नकोस. वहिनीने कुळथाचं पीठ काढून ठेवलंय, येऊन घेऊन जा.

आशीर्वाद आहेतच, मागितले नाहीस तरी.
सहदेव

कांदिवली (पूर्व),
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न.

‘गं. भा.’! नंदकिशोर होते तोवर मी ‘चि. सौ.’ होते. ते गेले आणि पुढच्याच भाऊबीजेला पाकिटावर तू ‘गं. भा.’ लिहिलंस. तेव्हा गप्प बसले. आता नाही बसणार. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आधी कळतं की हिचा नवरा मेलाय, मग माझं नाव. मी कोणाची कोण होते हे सोडून माझं काही उरलंय की नाही, हेच बघायला मला एकटीला जायचं आहे. म्हणून देवगड नको, आणि तूही नकोस.

दुसरा ट्रेक ठरवला आहे. सहा दिवसांचा, बारा एप्रिलला निघते. या वेळी ग्रुपही नाही. वाटाड्या म्हणून तिथलीच एक बाई आहे. फॉर्मवर तुझा नंबर दिलेला नाही. समोरच्या संघमित्राचा दिला. ती परवानग्या देत बसणार नाही.

कुळथाचं पीठ मात्र ठेव.
रुक्मिणी

मुलुंड (पूर्व),
२२ फेब्रुवारी २०२५

चि. रुक्मिणी,
आशीर्वाद.

समोरची संघमित्रा! तुझं बरंवाईट झालं तर आधी शेजारणीला कळणार, आणि मग ती मला सांगणार? मी कोण, सोसायटीचा सेक्रेटरी? तुझं पत्र मी चुरगळून टाकलं होतं. वहिनीने उचलून सरळ केलं.

तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी नंदकिशोरराव अंधेरीच्या ऑफिसात कोसळले, तेव्हा फोन मला आला. त्यांनीही कुठल्याशा फॉर्मवर माझाच नंबर लिहून ठेवला होता. तू ड्यूटीवर होतीस. मुलुंडहून रिक्षाने येताना तुला काय सांगायचं ते वाक्य मी जुळवत होतो. शेवटपर्यंत जुळलं नाही. वॉर्डच्या दारात मला बघून तू हसलीस आणि विचारलंस, वहिनीने डबा पाठवला का. तुझं ते हसू मला मोडायला लागलं.

ट्रेकवाल्यांच्या त्या मुलीने फोनवर विचारलं, तुम्ही रुक्मिणीताईंचे भाऊ ना? पुढचं मला ऐकूच आलं नाही. तोंडाला येईल ते बोललो. खोटं बोललो, ते चुकलं. पण माझा राग गेलेला नाही. तू जाऊ नयेस असंच मला वाटतं, आणि तू जाणार हेही कळतं.

तसला फोन मला पुन्हा नको आहे. पण यायचाच असला तर दुसऱ्या कोणाला येता कामा नये. संघमित्राचं नाव खोड. माझा नंबर घाल, आणि नीट लिही. तुझा सात नेहमी एकासारखा दिसतो.

दादा