माळ्यावरचा पाट

२२ मे, गुरुवार

आपल्या घराला पिवळे पडदे लागलेत. पेण स्टेशनाजवळ गाडी जरा दमानं जाते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खिडकी दिसून जाते. रोह्याहून हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाताना एकदा आणि येताना एकदा. भाडेकरू आल्यापासून पडदाच नव्हता, आज एकदम पिवळा धमक. मी पांढरे लावले असते, बारीक निळ्या फुलांचे. फूल कुठलं तेही ठरलंय, गोकर्णाचं. समोरची पापडवाली म्हणाली, "काय गो, एकटीच हसतेस?" काय सांगू तिला.

घर दिसलं. (यापुढे नुसतं घ. दि. लिहीन. शाई वाचेल.)

१ जून, रविवार

आगोट भरली म्हणायची, पावसाळ्याची बेगमी. तांदूळ रेशनचा, थोडा सासूबाईंच्या भावाच्या शेतातला. सुकट भरपूर. सोडे मूठभर. बोंबील सासूबाईंनी हातात घेतले, वास घेतला आणि परत टोपलीत ठेवले. कोळणीला म्हणाल्या, "लय ग्वाड हायत, पुढल्या वर्साला घेऊ." कोळीण हसली. मसाल्यात मिरची कमी, धणे जास्त. रंग येणार नाही, वास तरी येईल.

ह्यांनी बाइक विकल्यापासून पोट उतरलंय. धाटावला कंपनीत सायकलने जातात आणि डॉक्टरने सांगितल्यासारखं मिरवतात.

१० जून, मंगळवार

रोह्याला येऊन वर्ष झालं. तेव्हा वाटलं होतं, एक पावसाळा काढू आणि परत जाऊ. घराचं कर्ज होतंच, वर बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आजारपण, मुंबईचं हॉस्पिटल, नातेवाइकांची उसनवारी. बाबा गेले, देणं राहिलं. मग पेणचं घर भाड्याने देऊन सासूबाईंच्या ह्या दोन खोल्यांत आलो. भाडं परस्पर हप्त्यात जातं. ह्यांच्या पगारातून उसनवारी. मूर्तींचे डोळे आखून मला मिळतात त्या पैशात चूल आणि लेकीचं, तनूचं, पनवेलचं हॉस्टेल. असं सगळं वाटून दिलंय. कुणाच्या वाट्याला काही उरत नाही, पण भांडणही होत नाही.

ह्या वर्षात मी पेणच्या घरात पाऊल टाकलं नाही. भाडं फोनवर येतं, जायचं कशाला? खिडकी पुरते.

२१ जून, शनिवार

भाडेकरूचा, निखिलचा फोन ह्यांना. घर विकत घ्यायचंय त्यांना. नागोठण्याच्या कंपनीत पर्मनंट झालाय, बँक कर्ज देतेय.

हे ओसरीवर बसून सांगत होते. आवाज असा, की कुणी ओझं उतरवायला हात लावलाय. "सगळं फिटतं गो. एका फटक्यात. वर थोडं हातात पण राहतंय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"गणपती झालं की कळवतो म्हटलं."

मी भांडी घासायला घेतली. घासून झाल्यावर परत घासली.

२९ जून, रविवार

सासूबाईंनी पाटाची आठवण काढली. गेल्या वर्षी बाबांचं सुतक, गणपती आणला नव्हता. ह्या वर्षी आणायचा आणि इथेच, रोह्याला. आपल्याकडे मूर्ती घरच्या पाटावर बसवून घ्यायची पद्धत, पाट आधी कारखान्यात नेऊन द्यावा लागतो. "पेनच्या माल्यावर हाय तो. जा नि घेऊन ये."

बाबांनी फणसाच्या फळीचा केलेला पाट. पेणचं घर घेतलं त्याच वर्षी. एका कोपऱ्याला निरांजन कलंडून डाग पडलाय, तो मी पाडला, पहिल्याच आरतीला. सामान हलवताना पाट तेवढा राहिला.

आणते म्हटलं.

७ जुलै, सोमवार

घ. दि. पडदे ओढलेले. पाट आणला नाही.

९ जुलै, बुधवार

अंबा नदीला पाणी चढलं म्हणून नागोठण्याच्या अलीकडे गाडी उभी. बाहेर शेत कुठे संपलं आणि नदी कुठे लागली काही कळेना. सगळे घड्याळ बघत होते, मी मात्र सुखात होते. मनातल्या मनात घर लावत बसले. ओट्यावर डावीकडे पाण्याचा माठ. खिडकीत ओवा आणि कोरफड. हॉलला तो फिकट रंग, भिजवलेल्या तांदळाचा असतो तसा. सोफा नको, बसतात कुठे माणसं? खालीच बसतात. दारामागे ह्यांची सायकल... मग लक्षात आलं, दुसऱ्या मजल्यावर सायकल कशी नेणार. तिथेच स्वप्न अडलं आणि गाडी सुटली.

स्वप्नाला पैसे पडत नाहीत, म्हणून मी सढळ हाताने बघते.

१९ जुलै, शनिवार

जेवण नंतर, आधी हे लिहिते.

कारखान्यात शाडूच्या मूर्ती रंगून आल्या. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. रांगेतली एक पुढे ओढली आणि पाटाच्या कोपऱ्यावर बोट गेलं. डाग. उलटून बघायची गरजच नव्हती. आपला पाट. आपल्या पाटावर दुसऱ्याचा गणपती बसलाय.

दादांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना विचारलं. म्हणाले, "पेनची पोरगी देऊन गेली. नवी हाय. शेजारणीनं सांगितलं म्हनं, ह्या घरचा गनपती आपल्याच कारखान्यातून जातो नि घरचा पाट द्यावा लागतो. तिला माल्यावर गावला, तो घेऊन आली. का गो? काय झालं?"

मानसी. निखिलची बायको. ती कुठली परभणीकडची, तिकडे पाटाची ही पद्धत नाही. घराचा पाट म्हणजे घराबरोबर आलेला, पंख्यासारखा, असं वाटलं असणार तिला.

दादा म्हणाले, शाडू पाटाला धरलाय, आता काढायला गेलं तर मूर्ती तडकेल. मी म्हटलं, राहू दे. आणि ती मूर्ती रांगेत सगळ्यात मागे ठेवली.

राग आला. खूप आला. मी माझ्याच घरात जायला वर्षभर बिचकतेय आणि हिने सरळ माळ्यावर हात घातला.

२० जुलै, रविवार

सासूबाईंना सांगायला भीत होते. त्या वाल सोलत होत्या. सांगून टाकलं.

ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसनार कुठं हाय तो गनपती?"

"आपल्या घरात. पेणला."

"मंग? पाट जाग्यावरच हाय गो. उठून आलो ते आपन."

आणि पुन्हा वाल. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "गनपतीकडून पन भाडं घ्यायचं काय आता?" हसता हसता डोळ्याला पदर लावला. बाबांची आठवण आली असणार. मलाही आली.

आपल्या गणपतीला इथला जुना पाट काढायचा ठरलं. वाळवीने एक पाय खाल्लाय, खाली लाकडाचा तुकडा लावू.

३ ऑगस्ट, रविवार

तनूचा फोन. ह्यांनी तिला सांगितलंय सगळं. "आई, विकून टाका गं. सुटाल दोघं. घर काय, मी घेईन नोकरी लागल्यावर." शहाणी आहे माझी पोर. सगळेच शहाणे आहेत. ह्यांच्या सायकलची चेन परवा पावसात तुटली, कंपनीतून ढकलत आणली. मी गरम पाणी दिलं तर म्हणाले, "बरं वाटतं चालून." खोटं बोलताना ते कान खाजवतात.

विकावं. मलाही कळतं. कळतं आणि खिडकी दिसली की कळेनासं होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

शेवटी ती मूर्ती घेतलीच.

बुबुळ कुठे बसवायचं त्यावर नजर ठरते. केसभर इकडे-तिकडे झालं तरी गणपती दुसरीकडेच बघायला लागतो. एरवी मी समोर ठेवते नजर, जो उभा राहील त्याच्यावर. पण ह्याचं बसायचं ठिकाण मला ठाऊक. हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीला. तिथून तिरकं स्वयंपाकघराचं दार आणि दारातून ओटा. मोदक करताना मी ओट्यापाशी असले की बाबा हॉलमधून ओरडायचे, "सूनबाई, तो बघतोय हां! चव घेऊ नका!" मी सारण तोंडात टाकलेलंच असायचं.

तर बुबुळं केसभर उजवीकडे सरकवली. ओट्याकडे बघू दे त्याला. मी नसेन तिथे, पण जागा तर आहे.

दादांनी बघितलं. "तिरका बघतोय काय गो जरा?"

"जाग्यावर बसला की सरळ दिसेल."

मान हलवून गेले. लबाडी केली का मी? केली. बरं वाटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

आपला गणपती आला. लंगड्या पाटावर ऐटीत बसलाय. आरास म्हणजे तेरड्याची फुलं आणि सासूबाईंची जरीची जुनी साडी मागे. मोदक मोजके, पण पाकळ्या मात्र भरपूर काढल्या. आरतीला ह्यांचा आवाज बाबांसारखा लागला, सासूबाईंनी वळून बघितलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मानसीने दर्शनाला बोलावलं होतं. हे म्हणाले, तूच जा.

चपला दाराबाहेर काढताना हात सवयीने चावीसाठी पर्समध्ये गेला. बेल वाजवावी लागली.

आत आले तर गणपती दारासमोर नाहीच! तिथे त्यांचं मोठं कपाट. गणपती पलीकडच्या भिंतीला. आणि मी आखलेली ती नजर ओट्यावर नाही, सरळ खिडकीवर. पिवळे पडदे बाजूला सारलेले. खिडकीतून रेल्वेचा रूळ.

म्हणजे मी रोज जाते तिकडे बघत बसलाय तो. मी बसले.

मानसी म्हणाली, "काकू, सगळे मला म्हणतात, 'तुमचा गणपती बाहेर काय बघतो?' मला तर आवडलं. कुणाची वाट बघितल्यासारखं वाटतं ना?"

मोदक दिला. पारी जाड, पण मन लावून केलेला. उकड कशी मळायची ते सांगितलं, तिने लगेच पीठ काढलं आणि आम्ही दोघी ओट्यापाशी. माझ्या ओट्यापाशी. तिथे ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून नुसतं सामान बांधतेय, काकू. इथून उठावंसं वाटत नाही. घर आम्हालाच द्या ना. आणि तो पाट पण राहू द्याल? आमचा पहिला गणपती त्यावर बसला."

"पाट घराबरोबरचा नाही," मी म्हटलं. आवाज चढलाच. "माझ्या सासऱ्यांनी केलाय. तो डाग माझ्या हातचा आहे."

तिचा चेहरा उतरला. पिठाचे हात तसेच धरून उभी. "मला खरंच माहीत नव्हतं हो. मी परत देते. विसर्जन झालं की देते."

ती वाईट असती तर सोपं झालं असतं सगळं.

परतीच्या गाडीत दिवे लागले होते. घ. दि. खिडकीत समई. त्याने मला बघितलं असं मी ठरवलंय.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरीबरोबर आपले गणपती गेले. घर रिकामं रिकामं. ह्यांनी जेवताना सांगितलं, परवा निखिलला कळवायचंय. "तू काय म्हणतेस?" हे वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा म्हटलं. मी भात वाढला.

३ सप्टेंबर, बुधवार

पाट आणायला गेले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "आनायचा तर आन. नायतर नको. मी सांगनार नाय."

मानसीने सगळं रीतीने केलं होतं, कुणाला तरी विचारून. विसर्जनाहून आणलेली मूठभर वाळू पाटावर, शेजारी दिवा. "काकू, न्या," म्हणाली. डोळे सुजलेले. तिने बांधून द्यायला स्वतःची नवी ओढणी काढली.

पाट उचलला. मी विसरलेच होते केवढा जड आहे. दारापर्यंत आले. चपलेत पाय घातला.

तिथे मला रोह्याच्या खोल्या दिसल्या. तिथे माळा नाही. कॉटखाली ठेवावा लागेल, सुकटीच्या डब्याशेजारी. मग तो घरचा पाट राहणार नाही, नुसती फळी होईल. आणि मग मला कसलीच खिडकी दिसणार नाही, गाडी रोज गेली तरी.

चप्पल काढली. "मानसी, स्टूल दे."

तिने धरलं, मी चढले. पाट माळ्यावर ठेवला, होता तसाच, डागाचा कोपरा आत. खाली उतरून हात झटकले.

"म्हणजे काकू..." ती म्हणाली. "घर देणार आम्हाला? की नाही?"

"मला एवढंच सुचलं, बाळा," मी म्हटलं. खरं तेच होतं.

घरी आले तर हे ओसरीवर सायकलची चेन बसवत होते. माझे रिकामे हात बघितले.

"पाट?"

"माळ्यावर ठेवला. मीच."

त्यांनी चेन बोटाने फिरवून बघितली. हाताला काळं लागलं होतं, ते बघत म्हणाले, "घर ठेवायचं तर अजून लय वर्सं सुकट खावी लागंल गो."

"मी कुठे नको म्हणतेय."

"मी पण नको नाय म्हटलं अजून." आणि कान खाजवला. कानाला काळा डाग.

उद्या सकाळी फोन करायचाय. सासूबाईंनी विचारलं, उद्या डब्याला काय? म्हटलं, सुकट. हे हसले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत.