हवालदाराचा डावा हात

प्रिय पोरी,

ही चिठ्ठी वाचताना तुझा पहिला संशय बाबांवर जाईल. जाऊ देऊ नकोस. त्यांनी तोंड उघडलेलं नाही, तुझा पत्ता मला आपल्या कुत्र्याने, हवालदाराने दिला. सात वर्षांनी आई लिहितेय म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंही वाटेल. सगळे धडधाकट आहेत. बाबांचं पोट तेवढं पुढे गेलंय.

गेल्या आठवड्यात बाबांनी जेवताना जाहीर केलं की गाडी काढून समुद्राच्या कडेकडेने चार दिवस फिरून येऊ, आपण दोघं आणि हवालदार. ज्या माणसाने लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मला कधी दोन दिवस कुठे नेलं नाही, कारण चष्म्याचं दुकान कोण बघणार, तो माणूस आपण होऊन दुकानाला कुलूप लावत होता. दुसरी कुणी असती तर हरखून गेली असती. मी बॅग भरता भरता त्यांच्या कोटाचे खिसे तपासले. त्यात कुत्र्याची बिस्किटं निघाली, आणि ती आमच्याकडे येतात त्यातली नव्हती.

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्याकडे पाल नाही, चांगली पोसलेली घोरपड आहे, आणि तिला दीड वर्ष खुराक मिळत होता. महिन्यातल्या एका रविवारी बाबा हवालदाराला कानाच्या डॉक्टरकडे नेतात. सकाळी निघतात ते दिवेलागणीला येतात. कान कसला दुखतोय त्याचा? फ्रीजचं दार उघडलं की शेजारच्या गच्चीवरून धावत येतो. एकदा मी विचारलं, की हा डॉक्टर कान तपासतो की नवीन बसवतो? तर बाबा म्हणाले, “गर्दी असते गं.” आणि परत आलेल्या कुत्र्याच्या पंजात वाळू.

तर मी गाडीत बसले ती फिरायला म्हणून नाही, तपासणीला म्हणून. माझा धंदा तुला माहीत आहे, तुझ्याइतका कुणाला माहीत असणार. शाळेत इतिहास शिकवायचा आणि परीक्षेच्या मोसमात मंडळाच्या त्या कोंदट खोलीत बसून नक्कल पकडायची. एकोणीस वर्षं एकच नियम वापरला. बरोबर उत्तर शंभर जणांचं सारखं असू शकतं, चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत हुबेहूब एकच चूक दिसली की लाल पेन्सिल उचलायची. बाबांच्या बाबतीतही मी चुकीचीच वाट बघत होते.

फार वाट बघावी लागली नाही. स्वतःच्या गल्लीत चुकणारे बाबा एकदाही नकाशा न बघता गाडी चालवत होते. पेट्रोल पंपावरच्या माणसाने काचेतून डोकावून विचारलं, “काय हवालदार, आज मागच्या सीटवर?” बाबांनी घाईघाईने काच वर केली आणि म्हणाले, “भलताच बोलका माणूस.” मी म्हटलं, “अहो, तो तुमच्याशी नाही, कुत्र्याशी बोलला. नावानिशी.” त्यावर बाबांना खोकला आला. पुढे वाटेत तीनदा त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे वळले, घसा साफ केला आणि पहिल्यांदा म्हणाले की आज ऊन आहे, दुसऱ्यांदा की काचेवर माशी आहे. तिसऱ्यांदा नुसतंच “हं” म्हणाले. बाई असेल तर सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटत होतं आणि सांगू नये असंही वाटत होतं. त्या बाईचं वय, केस, बोलणं सगळं मी ठरवून टाकलं होतं. स्वयंपाक मात्र तिला माझ्यापेक्षा बरा येऊ दिला नाही.

मुक्कामाला इथे आलो. लॉजच्या मालकीणबाईंनी आम्ही गाडीतून उतरण्याआधीच पाण्याचा कटोरा आणून ठेवला, हवालदाराचे गाल ओढले, बाबांना “दुपारी पडता तीच खोली ना?” म्हणाल्या आणि मग मला बघून थबकल्या. “आणि आपण?” मी म्हटलं, “मी ह्यांची बायको. सध्या तरी.” बाबा बॅगा उचलायला इतक्या चपळाईने धावले, की त्यांचे गुडघे दुखतात ह्यावरही आता माझा विश्वास उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते आडवे झाले आणि मी हवालदाराला घेऊन वाळूत जाऊन बसले. खरं सांगते, रडायला गेले होते. तो समोर येऊन बसला. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला म्हटलं, “डावा हात दे.” घरी त्याला असलं काही कुणी शिकवलेलं नाही. त्याने चटकन हात दिला. उजवा. मी म्हटलं, उजवा दे. त्याने डावा दिला. सहा वेळा विचारलं, सहाही वेळा उलटा. म्हणजे त्याला कुणीतरी मन लावून शिकवलं होतं, आणि मन लावून चूक शिकवलं होतं.

पोरी, डावं-उजवं न कळणारी एकच व्यक्ती मी जन्माला घातलीय. सायकलवर “डावीकडे!” म्हणून ओरडले की जी उजवीकडच्या कुंपणात जायची, बूट उलटे घालून शाळेत जायची, आणि हाताला धागा बांधला तर धागा कुठल्या हाताला आहे तेच विसरायची. हवालदार घरात आला तेव्हा तुला घर सोडून चार वर्षं झाली होती. त्याने तुला कधी बघितलेलं असणं शक्यच नव्हतं. माझी घोरपड एका जागी थिजली. मी पट्टा सैल सोडला आणि म्हटलं, चल हवालदार, ने मला.

त्याने एका फाटकापर्यंत नेलं. “छत्र्या, ताडपत्र्या, होड्यांची शिडं दुरुस्त करून मिळतील.” पाटी मी चार वेळा वाचली. खिडकीत तू शिवणयंत्रावर वाकली होतीस आणि तोंडात टाचण्या होत्या, पूर्वी पेन्सिल असायची तशा. केस कापलेस. चष्मा नवीन आहे, फ्रेम बाबांनी निवडलेली दिसते, म्हणजे वाईट आहे. हवालदार शेपटी हलवून फाटक उघडायला सांगत होता. मी त्याला ओढून समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर नेलं. तुझी काय तयारी असेल ते असो, माझी नव्हती. माझ्याकडे अजून तेच वाक्य होतं, जे मी सात वर्षांपूर्वी तुला सुनावलं होतं, की चूक खोटं बोलत नाही.

त्या पायरीवर बसले असताना तुझ्या दुकानाचं कापडी छत फडफडत होतं. भर दुपारचे दोन वाजले होते. छत सारखं आत, दुकानाच्या दिशेने फुगत होतं आणि माझा पदरही उडून त्याच दिशेला जात होता, समुद्राकडे पाठ करून. दुपारचा वारा समुद्राकडून येतो. जमिनीकडून समुद्राकडे जात नाही. आणि मग मला आपल्या स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं. तू आणि तुझी मैत्रीण समोरासमोर, मी पोळ्या लाटतेय आणि लाटणं हलवत तुम्हांला भूगोल शिकवतेय, जो माझा विषय नाही. “सोपं आहे गं. माणूस दिवसा घरातून कामाला जातो आणि रात्री परत येतो. वारासुद्धा दिवसा जमिनीवरून समुद्रावर जातो, रात्री घरी येतो.” तुम्ही दोघींनी मुकाट्याने लिहून घेतलंत.

त्या वर्षी तुमच्या केंद्राचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायला नको होता, चुकून आला. पेपरांवर नुसते नंबर होते. दोन पेपरांत तेच कामाला जाणारं वारं, तोच घरी परतणारा माणूस. ते वाक्य मला ओळखीचं वाटलं होतं, पोरी. ओळखीचं वाटलं म्हणूनच मला संशय आला. मी लाल रेघ ओढली, दोघींचं वर्ष गेलं, आणि नंबर कुणाचे ते नंतर कळलं. तू म्हणालीस, “आई, तूच शिकवलं होतंस, आठव ना.” मी म्हणाले, इतकी साधी चूक मी शिकवेन? आठवून बघायलाही मी थांबले नाही. नक्कल झालीच होती, पण दोघींनी केली होती ती माझी. बाबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि मला तसं सांगायची त्यांची छाती झाली नाही. बिचारे अजून घसाच साफ करताहेत.

मंडळाला ते दोन नंबर घालून सगळं लिहून पाठवतेय. नंबर मला पाठ आहेत. वर्ष परत मिळणार नाही, पण तुमच्या नावापुढचा शेरा तरी पुसला जाईल. ह्यापुढे त्या खोलीत मी बसणार नाही. तुझ्या मैत्रिणीचा पत्ता मला हवाय, तिच्या दारात मी स्वतः जाणार आहे.

बाबा रोजच्याप्रमाणे आज तीन वाजता हवालदाराला “जरा पाय मोकळे करायला” घेऊन निघतील, तेव्हा ही चिठ्ठी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या आत दोऱ्याने शिवलेली असेल. टाके वाकडे आहेत, हसू नकोस. बाबांना काही बोलू नकोस, त्यांना वाटू दे की मला पत्ता नाही. तीनपासून मी किनाऱ्यावरच्या बाकावर बसलेली असेन, अंधार पडेपर्यंत. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मी समजेन, आणि पुन्हा पायरीवर येऊन बसणार नाही. पण आलीस तर फाटकातून डावीकडे की उजवीकडे ह्या भानगडीत पडू नकोस. वारा जिकडून तोंडावर येईल तिकडे चालत राहा.

तुझीच, आणि ती चूकही माझीच,
आई