माझ्या केसांचा रिपोर्ट

आण्णा, ज्या केसांवरून तुम्ही भावाच्या अंगात शिसं आणि पारा सापडला म्हणून घरभर सांगितलंत, ते केस माझे होते, हे काल मी आईला सांगून टाकलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता ते कोणी उकरून काढेल असं तुम्हाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं. पण काल बीडच्या आमच्या घरी शेजारची सून तिच्या लेकराला कडेवर घेऊन आली. लेकरू हाकेला बघत नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाक तेवढं फिरवत बसतं. तिच्या मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ होता: मुलाच्या अंगातले जड धातू काढा, खनिजांची पावडर द्या, ऑटिझम जातो. मी तोंड उघडायच्या आत आई भाजी निवडता निवडता तिला म्हणाली, "पोटुशी असताना पितळंतलं पानी पेलीस का गं? म्या पेले. माझ्याच पायी झालं माझ्या पोराचं." आणि पुढची जुडी हातात घेतली. एवढं सहज म्हणाली, की माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

तुम्ही कडा गावच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. हंगामात मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि उंच स्टुलावर पाय हलवत बसायचे. अजून दिसतं मला. तुम्ही रसाच्या दोन बाटल्या उजेडाला धरून उभे आहात आणि शिफ्टवाला कान खाजवतोय, कारण चिठ्ठ्या कोणत्या बाटलीच्या हे त्याला आठवत नाही. तो म्हणतो, "सायब, एकाच वावरातला ऊस हाय, काय फरक पडतोय?" तुम्ही दोन्ही बाटल्या मोरीत ओतता. "ज्याचा नमुना त्याचाच आकडा. अंदाजपंचे लिवायचं आसंल तर मशीन कावून ठेवलंय हितं?" त्या दिवशी मला वाटलं, आपल्या वडिलांइतका खरा माणूस कारखान्यात काय, जिल्ह्यात नसेल. वर्गात दोन दिवस हेच सांगत फिरले मी.

आणि त्याच साली तुम्ही क्वार्टरच्या मागच्या पायरीवर माझी वेणी सोडलीत. भाऊ पाच वर्षांचा झाला होता आणि बोलत नव्हता. आत्या येऊन जाऊन ऐकवायच्या, "आमच्या खानदानात असलं कुनी न्हाई." बीडच्या एका उपचार केंद्रातल्या माणसानं तुम्हाला केसांची तपासणी करायला सांगितलं होतं. पण भावाला कात्री दिसली तरी तो भिंतीवर डोकं आपटायचा. त्याचे केस आई तो झोपल्यावर थोडे थोडे कापायची. तुम्ही एक रात्र थांबला असतात तर मिळाले असते. तुम्हाला तेवढाही दम निघाला नाही. "सख्खी भावंडं तुमी, एकाच घरातलं खाता-पेता," असं म्हणत तुम्ही मानेजवळचे केस कापलेत. "आईला सांगू नको, उगं घोळ घालील." मी चौथीत होते. भावाच्या कामाला आले म्हणून फुगून गेले होते.

रिपोर्ट आला. केंद्रातला माणूस आईला विचारतोय, "गरोदर असताना पाणी कशातलं पीत होता?" माझी आई भोळेपणानं, जरा कौतुकानंच सांगते, "पितळी घागरीतलं. माहेरची हाय, पाली गावची." "काजळ?" "घरचं." तो मान हलवतो. तुम्ही आईकडे बघता. ती नजर मी विसरलेले नाही. तुमचा जीव भांड्यात पडला होता, आण्णा. आत्यांना उत्तर मिळालं, तुमचं खानदान सुटलं, सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटलं. आणि केस कुणाचे हे माहीत असलेला तिथला एकुलता एक मोठा माणूस गप्प बसला.

घागर मोडीत गेली. आईनं काजळ सोडलं. भावाचं दूध बंद, चपाती बंद, बिस्किट बंद. त्याच्या जागी धातू काढायचं औषध आणि कडवट पावडर. तो दोनच गोष्टी आवडीनं खायचा-प्यायचा, त्यातली एक दूध. रिकामी वाटी घेऊन यायचा आणि आईच्या गालाला लावून उभा राहायचा. मागायची त्याची तीच भाषा होती. आई तोंड फिरवायची, कारण दूध दिलं तर आपण त्याला दुसऱ्यांदा विष पाजू असं तिच्या मनात भरलं होतं. औषधानं त्याला जुलाब लागले, बरगड्या दिसायला लागल्या, शेवटी दवाखान्यात सलाईनवर ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई व्हरांड्यात तुम्हाला म्हणाल्या की हे जन्मतःच असतं, आईचा यात काही दोष नाही, केसांच्या असल्या रिपोर्टवरून काही कळत नसतं, आणि हे औषध पुन्हा दिलंत तर लेकरू जाईल. मी तुमचं बोट धरून उभी होते. तुम्ही आत गेलात आणि आईला एवढंच सांगितलंत, "डोस पुरा झाला, आता बंद करायचं." दोष नाही हे वाक्य व्हरांड्यातच राहिलं. ते आत न्यायला तुम्हाला काय जड होतं?

मी मोठी झाल्यावर हे सगळं जुळवलं, तोवर तुम्ही गेला होतात. आई तुमच्या फोटोला रोज फूल वाहायची. मला वाटलं, ती विसरली असेल, कशाला तिचा नवरा तिच्यापासून काढून घ्यायचा? भाऊ चांगला आहे. आता पुरुषभर उंच झालाय, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवर रोज जातो आणि गिरणी चालू असली की तिच्या अंगाला तळहात लावून हसतो. गिरणीवाला त्याच्यासाठी खुर्ची ठेवतो. दूध भरपूर पितो. आम्ही सुखात आहोत असंच मी धरून चालले होते, आणि आई माझ्या शेजारच्या खाटेवर रोज स्वतःला विष घालणारी बाई समजून झोपत होती. याचा मला तुमच्यावर फार राग आहे, आण्णा. रसाच्या बाटलीला जो न्याय दिलात तो माझ्या आईला दिला नाहीत.

शेजारीण गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पायरी, कात्री, व्हरांडा, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं निवडलेली भाजी पाण्यात टाकली, हात पुसले आणि विचारलं, "मंग धातू तुझ्या अंगात निघाला म्हनायचा. तुला कावून न्हाई पाजलं त्येंनी आवशद?"

तिला दोन इयत्ता शाळा. मला हा प्रश्न पडायला कॉलेज लागलं होतं.

तुम्ही रोज सकाळी भावाला चमचा पाजायचात, तेव्हा मीही शेजारी तोंड उघडून उभी राहायचे. रिपोर्ट माझा, म्हणजे ते माझ्यात आहे, एवढं मला कळत होतं आणि मला भीती वाटत होती. तुम्ही झाकण लावून म्हणायचात, "तुला काय झालंय? जा, अभ्यास कर." एक चमचा मला दिला असतात, आण्णा, तर तुम्हीही त्या रिपोर्टला फसला होतात असं मी जन्मभर मानलं असतं.

हे आईला सांगायला हवं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "त्येंच्या ध्यानातच आलं नसंल, आई."