भिंगरीचं पोट आणि माझं निदान

१२ मे, सकाळी ७
आजपासून भिंगरीची मेडिकल हिस्टरी लिहिणार. वय चार महिने. कालपासून तीन उलट्या. निदान: ऊन. सोलापूरचं ऊन माणसाला झेपत नाही, हे तर कुत्र्याचं पिल्लू. दोन महिने कुत्र्यांच्या आजारांचे व्हिडिओ बघतोय. डॉक्टरांपेक्षा थोडंच कमी कळतं. वैजयंती म्हणाली, "अहो, दवाखान्यात न्या की." बायकोला धीर म्हणून नाही.

दुपार
ताक पाजलं. ओकली. ताक आंबट असणार.

१३ मे
दोन दिवस शी नाही. सुधारित निदान: गॅस. ओव्याचं पाणी दिलं, तेही बाहेर. पोटाला हात लावला तर कळवळली. नाव घेतलं तरी शेपूट हलेना. मलाही जेवण गेलं नाही. वैजयंतीनं रिक्षा बोलावली. मी निघणारच होतो.

१३ मे, संध्याकाळ. दवाखाना.
डॉ. जोया. माझ्या पुतणीएवढी पोरगी. पोट चाचपलं, सलाईन लावलं, एक्स-रे, सोनोग्राफी. म्हणाली, "काका, लहान आतड्यात काहीतरी अडकलंय. थांबलो तर आतडं काळं पडेल. आत्ताच ऑपरेशन करू." काय गिळलं, असं विचारलं. मी ठणकावून सांगितलं, आमच्या घरी शिस्त असते.
वैजयंती म्हणाली, "शुक्रवारी तुमीच आंब्याची कोय दिली की तिला."
चोखायला दिली होती. दातांना व्यायाम म्हणून.
ऑपरेशनच्या खोलीत येण्याचा आग्रह धरला. कुणीतरी जाणकार हवं. डॉक्टरनं नाइलाजानं कोपऱ्यात उभं केलं.

१४ मे
ऑपरेशन यशस्वी. आतड्याला चीर देऊन कोय काढली. आतडं गुलाबी होतं, तुकडा कापावा लागला नाही. टाके घातले. हे सगळं डॉक्टरकडून ऐकून वैजयंतीनं मला सांगितलं. पहिल्या चिरेपर्यंत मी उत्तम उभा होतो. नंतर फरशी वर आली. एसी बंद असावा.

१६ मे
भिंगरीनं पातळ भात खाल्ला. आणि शी केली! शेजारच्या नीलम्मांना फोन करून सांगितलं. त्या जेवत होत्या.

१८ मे
भिंगरी घरी. पुढची सगळी देखभाल मी जातीनं बघणार, असं डॉक्टरला सांगितलं. तिनं मान हलवली आणि कागद लिहून वैजयंतीच्या हातात दिला. गोळ्या: काकू. टाके बघणे: काकू. जेवण, थोडं-थोडं, चार वेळा: काकू. शेवटची ओळ लाल पेननं: 'काकांनी काहीही देऊ नये.'
वैजयंतीनं कागद फ्रिजवर चिकटवलाय. डॉक्टरच्या मानानं अक्षर चांगलं आहे.