गोंबोच्या मापाचे बूट

मी, रागचा यांची मुलगी दुलमजाव, वय एकोणसत्तर, धंदा घोडेस्वारीचे बूट शिवणे, राहणार तामिर नदीकाठ, आर्खंगाई प्रांत, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवते, डोकं ठिकाणावर आहे, काल काय जेवले तेही सांगू शकते. अशा कागदात 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असं लिहितात. ते मला लिहिता येत नाही. परवा पहिलं बर्फ पडलं, आणि पहिलं बर्फ पडल्यावर येतो असा एका माणसाचा निरोप आहे. तो येण्याआधी सगळं आवरून ठेवत आहे, एवढंच. मर्जी माझीच आहे.

कलम १. गावातलं लाकडी घर, त्यामागची कुंपण घातलेली जागा आणि गेर, म्हणजे आमचा लोकरीचा गोल तंबू, चुलीसकट, माझी धाकटी बहीण सेवेलमा हिला द्यावा. गेरचं दार थंडीत फुगतं, खालून लाथ मारावी लागते. तिला ठाऊक आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला पुरेल. उरल्यास तिचा चारा घेऊन माझी लाल घोडी सांभाळावी. तिला विकू नये.

कलम ३. आरी, रापी, लाकडी साचे आणि मेणाचा दोरा ओदवालला द्यावा. ओदवाल म्हणजे सेवेलमाच्या मुलाची, शारवची बायको. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो; हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही.

बाजारातल्या दाश्निमला माझं तीन पायांचं स्टूल द्यावं. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला की म्हातारीचे बूट ढगळ असतात. त्याने या स्टुलावर उभं राहावं, स्वतःच्या दुकानातला बूट घालावा, पाय हवेत सोडावा आणि एकदाच झटकावा. बूट उडून भिंतीवर आपटला तर तो घोड्यावर चालतो. पायात राहिला तर तो फक्त रस्त्यावर चालायचा.

कलम ४. ओदवाल, हे तुझ्यासाठी. बूट निवडायला आलेला माणूस आधी चामडं चोळून बघतो, मग नक्षी बघतो. त्याला बघू दे. तू पाय बघ. उन्हाळ्यात माप घेतलंस तर जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मोज्याची जागा सोड. टाचेमागे दोन बोटं गेली पाहिजेत. पावलाच्या उंचवट्यावर चामडं कधीही घट्ट धरू नकोस. तळ गुळगुळीत हवा. टोक वर वळलेलं हवं, म्हणजे पाय रिकिबीत शिरताना आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघताना अडत नाही. घोडा कोसळला की दोनच गोष्टी माणसाला वाचवतात: रिकिबीतून सुटणारा बूट, नाहीतर बुटातून सुटणारा पाय. गिऱ्हाईक "सैल आहे" म्हणून कुरकुरलं तर "सैलच हवा" म्हणायचं आणि पुढे बोलायचं नाही.

हे सगळं मला वयाच्या विशीपासून येतं. पुढचं कलम वाचताना हे लक्षात ठेवावं. चुकून झालं असं कोणी म्हणू नये.

कलम ५. सेवेलमाचा नवरा गोंबो कळपातल्या घोड्यांवर बसणारा, गावात नावाजलेला, आणि घरी हाताचा वाईट. १९८३च्या उन्हाळ्यात सेवेलमा माझ्याकडे आली, डावा हात छातीशी बांधलेला.

"काय झालं?"

"पायऱ्यांवरून पडले, ताई."

"तुझ्या गेरला पायऱ्या कुठे आहेत गं?"

ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. शारव तेव्हा पाच वर्षांचा. तो माझ्या चामड्याच्या तुकड्यांशी खेळत होता, आईकडे बघतही नव्हता. पाच वर्षांच्या मुलाला त्याची सवय झाली होती. मी वडीलधाऱ्यांकडे गेले, ते म्हणाले, नवरा-बायकोचं आहे. गोंबोचा थोरला भाऊ जंबाल, त्याच्याकडेही गेले. तो म्हणाला, "पितो तेव्हाच मारतो ना? मग पिऊ देऊ नका."

त्या शरदात गोंबोने माझ्याकडे बूट सांगितले. मी पावलाचा उंचवटा अर्ध्या बोटाने घट्ट धरला. नळी पोटरीला चिकटेल अशी घेतली. तळाला ट्रकच्या जुन्या टायरचं रबर लावलं, खोल खाचांचं, रिकिबीच्या लोखंडाला धरून ठेवणारं. टोक सपाट आणि जाड केलं. त्याने घालून पाहिले, दोन्ही पाय आपटले, खूश झाला. बर्फावर घसरणार नाही म्हणाला. मग म्हणाला, "ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मापाचे बूट केलेस!"

मी त्याला चहा दिला. तो अकराव्या दिवशी गेला. त्याचा पिवळा घोडा बिळात पाय अडकून कोसळला, उठला आणि बिथरला. तिथून आमच्या मुक्कामाच्या तळापर्यंतचं अंतर तीन कोस. घोडा परत आला तेव्हा गोंबो त्याच्यासोबतच होता. बूट रिकिबीतून निघेना, म्हणून माणसांनी रिकिबीचा पट्टाच कापला. जंबालने स्वतःच्या हातांनी कापला. मी तिथे उभी होते.

सेवेलमाला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला विचारून केलं नाही, सांगून केलं नाही. पाप माझं एकटीचं आहे. पुन्हा तशीच वेळ आली तर मी काय करीन, हे मला कोणी विचारू नये.

कलम ६. या सप्टेंबरच्या सुरुवातीला शारव माझ्या दारात आला आणि पाय पुढे करून उभा राहिला. तेच बूट. सेवेलमाने पेटीत जपून ठेवले होते.

"मावशी, बघ! बाबांचे. मला बरोब्बर बसले."

"काढ ते. तुला नवे करून देते."

"नवे कशाला? बाबांची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे."

"रबर जुनं झालंय, शारव."

"तू शिवलेलं आणि जुनं झालं?" असं म्हणून हसत निघून गेला. वरच्या कुरणातल्या तळावर घोडे धरायला, घरातल्या सगळ्यांसोबत, आठ दिवसांसाठी.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच शेजारच्या ओचिरच्या मोटरसायकलवर मागे बसून मी वर गेले. दुपार झाली. शारव घोड्यावर होता. मी लगाम धरला आणि सगळ्यांच्या देखत, सेवेलमाच्या देखत, जंबालच्या देखत, वर कलम पाचमध्ये लिहिलं आहे ते सगळं तोंडाने सांगितलं.

शारव उतरला, खाली बसला आणि बूट ओढू लागला. निघेनात. त्याने कमरेची सुरी काढून नळी वरपासून खालपर्यंत फाडली, दुसऱ्याचीही. पोटरीवर रक्ताची रेघ उमटली. मग अनवाणी उभा राहून म्हणाला, "मावशी, तू मेलीस तरी मी येणार नाही."

सेवेलमाने फाटके बूट उचलून चुलीत घातले. रबराचा काळा धूर सगळ्या तळावर पसरला. त्या धुरात जंबाल माझ्याकडे बघत होता. निरोप त्याने नंतर ओचिरच्या तोंडी पाठवला: "तिला सांग, पहिलं बर्फ पडलं की येतो. आवरायचं असेल ते आवरून ठेव म्हणावं."

म्हणून लिहिते: माझं चांदीचं खोगीर आणि लाल घोडी शारवला द्यावी. त्याने माझ्या अंत्ययात्रेला यायची गरज नाही. त्यावरून त्याला कोणी बोल लावू नये.

कलम ७. लोदोई यांचा मुलगा जंबाल माझ्याशी जे काही करेल, त्याबद्दल कोणीही तक्रार करू नये, साक्ष देऊ नये, त्याच्या मुलांना बघून तोंड फिरवू नये. तो येईल तेव्हा दार उघडं ठेवावं आणि त्याला मिठाचा गरम चहा द्यावा.

साक्षीदार म्हणून बोलावलेले शिक्षक पुरेव हे कलम वाचून म्हणाले, "ताई, हे खोडा. मी सही करणार नाही."

मी म्हटलं, "गुरुजी, सव्वीस वर्षं मी दर बर्फाला त्याची वाट बघतेय. आता तो खरंच येतोय तर मला लपवू नका."

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि ते सही करायला तयार झाले.

ठिकाण: तामिर नदीकाठ. दिनांक: ९ ऑक्टोबर २००९.

सही: रागचा यांची मुलगी दुलमजाव

साक्षीदार: १. पुरेव, निवृत्त शिक्षक. २. ओचिर, शेजारी.

(यापुढचा मजकूर पुरेव यांच्या हातचा.)

सह्यांची शाई ओली असतानाच जंबाल आला. घोडा बाहेर बांधला. दुलमजाव यांनी चहा पुढे केला, तो त्याने पूर्ण संपवला. मग मला म्हणाला, "वाच." मी सगळं वाचलं, दोनदा. त्याच्या सांगण्यावरून, त्याच्याच शब्दांत लिहितो:

"कलम सात खोडा. तक्रार करावी असं मी काही करणार नाही. गोंबो मारत होता हे मला माहीत होतं, तेही लिहा. पण माफ केलेलं नाही. यंदा मी माझा तळ नदीपलीकडे, हिच्या दारासमोर हलवतोय. हिने रोज सकाळी दार उघडलं की मी समोर दिसेन. यंदाही, पुढच्या वर्षीही. आमच्या दोघांपैकी एक जण संपेपर्यंत."

कलम सात खोडलं.

साक्षीदार: ३. लोदोई यांचा मुलगा जंबाल. अंगठा, उजव्या हाताचा.